टाकीतली तूट आणि विहिरीतलं पाणी

पेट्रोल पंपावर सकाळी लवकर गेलात, तर एक दृश्य कधीतरी दिसेल. पंपाचा माणूस जमिनीतलं लोखंडी झाकण उघडतो, त्यात एक लांब पट्टी सोडतो, वर काढतो, ओल कुठपर्यंत आली ते बघतो आणि वहीत आकडा लिहितो. त्या पट्टीला डिप रॉड म्हणतात. पट्टीच्या टोकाला कधीकधी एक लेप लावतात. टाकीच्या तळाशी पाणी शिरलं असेल तर त्या लेपाचा रंग बदलतो. सगळं काम दोन मिनिटांचं आहे. पण जमिनीखालच्या पाण्याची राखण तिथून सुरू होते, आणि बहुतेक वेळा तिथेच चुकते. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

जुन्या भूमिगत टाक्या पोलादी पत्र्याच्या असतात. ओल्या, क्षारयुक्त मातीत पोलाद गंजतं. टाकीपेक्षाही लवकर दगा देतात ते नळाचे सांधे आणि टाकी भरायच्या तोंडाजवळची जागा. गळती सुरू झाली की धो-धो काही वाहत नाही. तासाला पाव-अर्धा लिटर. वर काँक्रीट, त्यावर गाड्यांची वर्दळ, त्यामुळे वासही येत नाही. इंधन मातीतून खाली झिरपतं, पाण्याच्या पातळीशी पोचतं आणि पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे तिथे तरंगत पसरतं. त्यातले काही घटक पाण्यात विरघळतात आणि पाणी जाईल तिकडे जातात. त्यातला सर्वांत घातक बेन्झीन. त्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे वादातीत आहे.

एक हिशेब मांडून बघू. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त 1 टक्का चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये 10 मिलिलिटर, वजनात पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम. भागाकार करा. एका लिटर पेट्रोलमधलं बेन्झीन पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ नव्वद टँकर. प्रत्यक्षात सगळं बेन्झीन पाण्यात जात नाही. काही उडतं, काही मातीला चिकटतं, काही जिवाणू खातात. पण प्रमाण कुठल्या पातळीचं आहे ते लक्षात यावं म्हणून सांगितलं.

आता डिप रॉडकडे परत. काल टाकीत किती होतं, आज किती आलं, किती विकलं, किती उरायला हवं आणि प्रत्यक्ष किती उरलं. शेवटच्या दोन आकड्यांत फरक आला की तूट. हे गणित पाचवीतल्या मुलालाही येईल. अडचण अशी की पेट्रोल स्वतःच आकाराने स्थिर नाही. तापमान एक अंश उतरलं की ते सुमारे 0.12 टक्के आकसतं. बारा हजार लिटरचा टँकर उन्हात तापून आला आणि माल जमिनीत दहा अंशांनी थंड झाला, तर 140 लिटरच्या वर तूट नुसत्या भौतिकशास्त्राने दिसते. शिवाय वाफ होऊन काही जातं. टँकरमध्ये कमी भरून येतं. मीटरमध्ये थोडा फरक असतो. चोरीही होते. या सगळ्या कारणांच्या गर्दीत गळती लपून बसते.

मी सैन्यात तरुण अधिकारी असताना एका डेपोत इंधनाच्या साठ्याची मोजणी माझ्याकडे आली होती. एका टाकीत दर महिन्याला थोडी तूट. रजिस्टरमध्ये प्रत्येक वेळी एकच कारण, ‘बाष्पीभवन’. माझ्याबरोबरचे सुभेदारसाहेब नोकरीच्या शेवटच्या वर्षात होते. त्यांनी मागची पानं उलटली आणि मला म्हणाले, “साब, हवा में जाता तो गर्मी में ज़्यादा जाता, सर्दी में कम. ये तो बारह महीने बराबर जा रहा है.” झालं, टाकी रिकामी केली, खणून बघितली. खालच्या जोडातून पाझर होता. त्या आधी ते रजिस्टर कितीतरी सह्या घेऊन वर जाऊन आलं होतं. शेवटची सही माझीच होती.

तुटीचा आकडा किती मोठा झाला म्हणजे धावायचं, याचे नियम अमेरिकेत सविस्तर आहेत. 1984 साली त्यांच्या संसदेने भूमिगत टाक्यांसाठी कायद्यात तरतूद केली, 1988 मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा काढायला 1998 च्या डिसेंबरपर्यंत मुदत दिली. त्या नियमांत नुसत्या डिप रॉडच्या मासिक हिशेबाला महिन्याच्या उलाढालीच्या 1 टक्का अधिक 130 गॅलन, म्हणजे सुमारे 490 लिटर, इतकी सवलत आहे. पट्टीने मोजून याहून बारीक काही कळत नाही, याचीच ती कबुली आहे. टाकीत कायमचं बसवलेलं स्वयंचलित मापक मात्र तासाला 0.2 गॅलनची गळती पकडू शकलं पाहिजे. पाऊण लिटर. ऐकायला छान वाटतं, पण तासाला पाऊण लिटर म्हणजे दिवसाला 18 लिटर. त्याहून बारीक गळती वर्षानुवर्षं यंत्राच्या नजरेखालून निसटू शकते. अमेरिकेत आजवर अशा टाक्यांच्या साडेपाच लाखांहून जास्त गळत्या अधिकृतपणे नोंदल्या गेल्या आहेत. नियम असून इतक्या. किंवा नियम होते म्हणून इतक्या नोंदल्या गेल्या, असंही म्हणता येईल, आणि मला ते जास्त पटतं.

आणि तरीही त्या देशातल्या सर्वांत मोठ्या भूमिगत टाक्या या नियमांच्या बहुतांश भागातून बाहेर ठेवलेल्या होत्या. त्या टाक्यांची गोष्ट मला जरा तपशिलात सांगायची आहे, कारण ती लष्करी आहे आणि त्यातल्या चुका मला ओळखीच्या वाटतात.

हवाई बेटांपैकी ओआहू या बेटावर, पर्ल हार्बरजवळ, रेड हिल नावाचा डोंगर आहे. 1940 च्या डिसेंबरात तिथे डोंगराच्या पोटात इंधनाचा साठा उभारायला सुरुवात झाली आणि 1943 मध्ये काम पूर्ण झालं. शत्रूच्या विमानांना दिसू नये, बॉम्ब लागू नये हा हेतू. वीस उभ्या टाक्या, प्रत्येक 250 फूट उंच आणि 100 फूट रुंद. आपला कुतुबमिनार एका टाकीत उभा मावेल. एका टाकीची क्षमता 1 कोटी 25 लाख गॅलन, म्हणजे पावणेपाच कोटी लिटर. आतून पाव इंच जाडीचा पोलादी पत्रा, त्यामागे काँक्रीट, त्यामागे डोंगर. पत्र्याची आतली बाजू टाकी रिकामी करून तपासता येते. काँक्रीटला चिकटलेली बाहेरची बाजू कोणाला दिसत नाही. आणि टाक्यांच्या तळापासून साधारण शंभर फुटांवर ओआहूचा मुख्य गोड्या पाण्याचा साठा. होनोलुलू शहर ते पाणी पितं. त्याच डोंगराखाली नौदलाची स्वतःची पाण्याची विहीर, रेड हिल शाफ्ट.

1988 च्या नियमांतून जागेवरच बांधलेल्या अशा प्रचंड टाक्यांना बहुतांश सूट मिळाली होती. ती 2015 मध्ये काढली. मधल्या काळात, जानेवारी 2014 मध्ये, नुकतीच दुरुस्त करून पुन्हा भरलेली पाचव्या क्रमांकाची टाकी सुमारे 27,000 गॅलन गळली. कंत्राटदाराचं काम सदोष होतं, नौदलाची देखरेख अपुरी होती. 27,000 गॅलन म्हणजे लाखभर लिटर. पण शंभर फूट रुंदीच्या टाकीत लाख लिटर म्हणजे फक्त 14 सेंटिमीटर पातळी. वीतभरसुद्धा नाही. टाकी जितकी मोठी तितकी गळती लहान दिसते, आणि जमिनीखालच्या पाण्याला मात्र टाकीशी टक्केवारी काढता येत नाही. त्याला लिटरच मोजावे लागतात.

यानंतर करारनामे झाले, अभ्यास सुरू झाले, निरीक्षण विहिरी वाढल्या. मग 6 मे 2021. इंधन हलवताना नळात दाबाचा तडाखा बसला आणि नळ फुटला. नौदलाने आधी जाहीर केलं की साधारण हजार गॅलन सांडलं आणि बहुतेक सगळं गोळा केलं. प्रत्यक्षात सुमारे 20,000 गॅलन सांडलं होतं. ते अग्निशमनाच्या पाण्याचा निचरा करणाऱ्या नळात शिरलं आणि तिथेच पडून राहिलं. पुढच्या चौकशीत जे बाहेर आलं त्याने मी खुर्चीत सरसावून बसलो. साठ्याच्या हिशेबात त्या 20,000 गॅलनची तूट दिसली होती! आकडा समोर होता. पण तेवढं इंधन नळांमध्ये कुठेतरी असेल, असं गृहीत धरून विषय मिटवला गेला.

सहा महिने ते इंधन छताजवळच्या नळात लोंबत होतं. 20 नोव्हेंबर 2021 ला बोगद्यातल्या छोट्या गाडीचा धक्का त्या नळाच्या झडपेला लागला. इंधन बोगद्यात सांडलं, जमिनीवरच्या निचऱ्यात गेलं आणि तिथून पिण्याच्या विहिरीत. आठवड्याभरात लष्करी वसाहतींमधल्या कुटुंबांना नळाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागला. मुलांच्या अंगावर पुरळ, पोटदुखी, मळमळ. त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे 93,000 लोक होते. 28 नोव्हेंबरला विहीर बंद केली गेली, पण लोकांना ते वेळेवर सांगितलं नाही. उलट सुरुवातीचे एक-दोन दिवस पाणी सुरक्षित असल्याचं सांगितलं गेलं. हजारो कुटुंबं हॉटेलांत हलवावी लागली. ती कुटुंबं त्याच गणवेशातल्या लोकांची होती.

इथे तांत्रिक मुद्दा असा. निरीक्षण विहिरी होत्या. त्या हळूहळू खाली झिरपणारं इंधन टिपायला होत्या. इंधन आलं बोगद्याच्या जमिनीवरून, आडवं. शत्रू ज्या खिंडीतून येईल असं वाटतं तिथे सगळी चौकी आणि तो आला नाल्याने. या वेळी इंधन कळलं ते लोकांच्या नाकाने. हिशेबाच्या वहीने सहा महिने आधी सांगितलं होतं, पण वही वाचणारा, विहिरीचे नमुने बघणारा आणि लोकांच्या तक्रारी घेणारा, हे तिघं एका टेबलाशी कधी बसले नव्हते.

2 डिसेंबर 2021 ला होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने खबरदारी म्हणून जवळची हालावा शाफ्ट बंद केली. शहराच्या नागरी भागाला त्यातून सुमारे 20 टक्के पाणी मिळत होतं. मार्च 2022 मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी रेड हिल कायमचं बंद करण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर 2023 पासून उपसा सुरू झाला, 10 कोटी गॅलनहून अधिक इंधन बाहेर काढलं.

हवाईची गोष्ट आपल्याला लांबची वाटू नये याला आणखी एक कारण आहे. ते बेट ज्या खडकाचं आहे तोच खडक आपल्या दख्खनच्या पठाराखाली आहे. बेसॉल्ट. लाव्हाचे थरावर थर. पुणे, इंदूर, कलबुर्गी, सगळीकडे. गाळाच्या मातीत, म्हणजे वडोदऱ्याकडे किंवा दिल्लीत, जमिनीखालचं पाणी बऱ्यापैकी नेमाने उताराकडे सरकतं. बेसॉल्टमध्ये ते भेगांमधून, दोन थरांच्या सांध्यातून, सच्छिद्र पट्ट्यांतून जातं. विहीर खणणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही: एका शेतात झरा लागतो आणि बांधापलीकडे शंभर फूट कोरडं जातं. इंधनाचंही तसंच. पंपाला चिकटलेली बोअर स्वच्छ आणि दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या घरात वास, हे बेसॉल्टमध्ये सहज होऊ शकतं. रेड हिलमध्ये पाणी कोणत्या दिशेने वाहतं याचं नौदलाने केलेलं गणिती प्रारूप नियामकांनी मान्य केलं नाही, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती.

म्हणून निरीक्षण विहिरी कशा असाव्यात हे समजून घेणं गरजेचं आहे. दिशा कळायला किमान तीन हव्यात, आणि एका रेषेत नकोत. आम्ही नकाशावर तीन बिंदूंवरून ठिकाण काढायचो तसंच. तिन्हींतली पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली की उतार कळतो. एक विहीर टाकीच्या वरच्या अंगाला हवी, म्हणजे मुळात पाणी कसं होतं ते कळतं. नाहीतर गळती सापडली की उत्तर तयार असतं, ‘ते आधीपासूनच होतं.’

विहिरीत जो जाळीदार पाइप बसवतात, त्याची जाळी पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असली पाहिजे. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण मे महिन्यातली पातळी आणि सप्टेंबरातली पातळी यात काही ठिकाणी कित्येक मीटरचा फरक असतो. उन्हाळ्यात बसवलेली जाळी पावसाळ्यात पूर्ण पाण्याखाली गेली, तर वर तरंगणारं इंधन पाइपच्या बाहेरच राहतं आणि अहवालात लिहिलं जातं, ‘इंधन आढळले नाही’. वर्षातून एकदाच नमुना घ्यायचा आणि तो सोयीच्या ऋतूत, ही सगळ्यात सोपी फसवणूक आहे, आणि बऱ्याचदा ती कोणी मुद्दाम केलेलीही नसते. शिवाय पाणी चढता-उतरताना इंधनाचा थरही चढतो-उतरतो आणि मधली सगळी माती माखून ठेवतो. टाकी काढून टाकली तरी ही माखलेली माती पुढे प्रत्येक पावसाळ्यात थोडं-थोडं बेन्झीन सोडत राहते.

आता आपल्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे. जमिनीतले जिवाणू बेन्झीनही खातात, पण त्यांना इथेनॉल जास्त सोपं. ते आधी त्यावर तुटून पडतात, त्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि बेन्झीन तसंच राहून आणखी पुढे जातं. जुन्या अंदाजांपेक्षा निरीक्षणाचा घेर मोठा ठेवायला लागेल, एवढा याचा अर्थ.

भारतात आज एक लाखाच्या आसपास पेट्रोल पंप आहेत. टाक्यांचा परवाना पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना देते. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. तिचं मूळ काम आग आणि स्फोट टाळणं. पाण्याचा विषय प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे. केंद्रीय मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा अधिक खाटांची रुग्णालयं आणि निवासी भागापासून 50 मीटर अंतर ठेवावं, अडचण असेल तर जादा सुरक्षेसह किमान 30 मीटर. चांगलं आहे. पण हे नव्यांसाठी. माझी काळजी तीस-चाळीस वर्षं जुन्या टाक्यांची आहे, आणि त्याहून जास्त बंद पडलेल्या पंपांची, ज्यांच्या जागी आज दुकानं किंवा इमारती आहेत आणि टाकी काढली की नुसती बुजवली हे सांगणारा कोणी उरलेला नाही. चेन्नईच्या तोंडियारपेठ भागात 2013 मध्ये लोकांच्या बोअरच्या पाण्यात इंधन आलं, ते टाकीतून नव्हे तर भूमिगत वाहिनीतून. पण तिथेही पहिला इशारा यंत्राने नाही, रहिवाशांनीच दिला.

तेव्हा तुमच्या घराजवळ पंप असेल आणि पाणी बोअरचं असेल, तर काय बघाल? पाण्यावर रंगीबेरंगी तवंग दिसला तर घाबरण्याआधी काडीने तो ढवळा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो बहुधा लोहाच्या जिवाणूंचा थर, निरुपद्रवी. काडी काढल्यावर तवंग परत एकसंध झाला तर तेल समजा. वास आला तर ते पाणी उकळू नका. उकळल्याने बेन्झीन स्वयंपाकघराच्या हवेत येतं. घरच्या आरओवर विसंबू नका.

नेहमीची पाणी तपासणी करून उपयोग नाही. त्यात क्षार, कठीणपणा, जिवाणू बघतात. पेट्रोल त्यात दिसतच नाही आणि ‘पिण्यास योग्य’ असा दाखला मिळून जातो. प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा: बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन, झायलीन आणि खनिज तेल. शेवटच्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, काचेची, आणि काठोकाठ भरा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर बेन्झीन पाण्यातून त्या बुडबुड्यात जातं आणि आकडा खोटा येतो. बर्फात ठेवून लगेच पोचवा. एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा पावसाळा संपताना, असे दोन नमुने घ्या. अहवालाच्या मागच्या बाजूला त्या दिवशीची बोअरमधली पाण्याची पातळी पेनाने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ती लागेल.